पोट सुटलेलं बदक

अमेरिकेतल्या ॲन आर्बरमधल्या तमाम मराठी सासऱ्यांमध्ये लाकडाची बदकं कोरणारा इसम एकच आहे, आणि तो नेमका माझ्या लेकीच्या वाट्याला आला.

मिशीवर भुसा, कानावर पेन्सिल आणि तोंडात ‘अहो, चोच बघा, चोच!’ अशा थाटात आमचे व्याही गॅरेजमधून प्रकटतात. पूर्वी शिकारी खऱ्या बदकांना फसवायला पाण्यात लाकडी बदकं सोडत. आता लोक ती हौसेनं कोरतात, रंगवतात आणि स्पर्धेत उतरवतात. पूल बांधायच्या नोकरीतून निवृत्त होऊन मुलाकडे आलेल्या या गृहस्थांना इथल्या लायब्ररीतल्या एका वर्गात हे वेड लागलं. वेडाचं मला नवल नाही. तरुणपणी मी सतार, बाटिक आणि जपानी पुष्परचना अशा तीन कलांचा जीव घेतला होता. नवऱ्यासाठी विणायला घेतलेला स्वेटर एका बाहीवर अडला, तरी चारचौघींत मी ‘माझी साधना’ म्हणूनच बोलत असे! व्याही मात्र सोडणाऱ्यातले नाहीत. जेवताना पोळीसुद्धा पंखासारखी मुडपतात. एकदा तळ्याकाठी एका जिवंत बदकाला बराच वेळ न्याहाळून त्यांनी मान हलवली. म्हणाले, “शेपटीत जरा घाई झालीय.”

दुखणं एकच. त्यांचं बालपण मामाच्या गणपतीच्या कारखान्यात गेलेलं. त्यामुळे काहीही घडवायला घेतलं की हात आपसूक पोटाकडे वळतो. प्रत्येक बदक लंबोदर व्हायचं आणि बाथटबमध्ये सोडलं की कुशीवर लवंडायचं. नात टाळ्या पिटायची, “आबा, ही इज स्लीपिंग!” गॅरेजभर बदकं, म्हणून हिवाळाभर गाडी बाहेर बर्फात. अखेर आमच्या विहीणबाईंनी निर्वाणीचं सांगितलं, “स्पर्धेत हे आडवं झालं, तर पटाश्या माळ्यावर आणि गाडी आत!”

व्याह्यांचा चेहरा पडला. मी म्हटलं, “अहो, पोट तासा ना थोडं!”

“नाही हो विहीणबाई, हात धजत नाही.”

त्याऐवजी त्यांनी त्या पोटाच्या तळाशी खोबण पाडून शिशाचा गोळा बसवला.

स्पर्धेच्या हॉलमध्ये पाण्याचा मोठा हौद होता. बदक उताणं सोडायचं आणि त्यानं आपलं आपण सुलटं व्हायचं, असा नियम. बाकीची काही सडपातळ, देखणी बदकं तशीच आभाळाकडे पोट करून पडून राहिली. आमचं उताणं पडलं, क्षणभर विचारात पडलं, आणि पोटाच्या जोरावर असं गर्रकन उठलं की परीक्षकांच्या चष्म्यावर पाणी उडालं. पहिला नंबर, निळी फीत! भर हॉलमध्ये माझ्या तोंडून “मोरया!” निघून गेलं. “आजी, प्लीज!” म्हणत नातीनं तोंड लपवलं. विहीणबाई भेटेल त्याला सांगत होत्या, “माझा तर पहिल्यापासून सपोर्ट होता.”

परतताना व्याह्यांनी नदीकाठी गाडी थांबवायला लावली. बदकाला दोरी बांधून पाण्यात सोडलं. ते प्रवाहात दूर गेलं आणि दोरी ताणली गेली. मग व्याह्यांनी ती हळूहळू ओढली.

“लहानपणी ज्यांचे ज्यांचे डोळे आखले, ते सगळे पाण्यात गेले,” ते म्हणाले. “परत आलेलं हे पहिलंच.”

गाडी अजून बाहेरच असते. काचेवरचा बर्फ विहीणबाई स्वतः खरवडतात, कुरकुर न करता. आणि मी परवा तो एका बाहीचा स्वेटर ट्रंकेतून बाहेर काढला. घालणारा आता नाही. तरी दुसरी बाही कोपरापर्यंत आली आहे.