डोवी लेडबेटरचा पहारा

डोवी लेडबेटरकडे बघून कुणी हसलं, की ती आधी त्या माणसाच्या हातांकडे बघायची. चेहरा खोटं बोलतो, हात बोलत नाहीत, असं तिचं म्हणणं. मी तिला शाळेपासून ओळखते. कॉटन फोर्क गावातल्या आमच्या चर्चमध्ये मी पियानो वाजवते, तिच्या नवऱ्याच्या अंत्यविधीलाही मीच वाजवला. तरी मी पर्समध्ये हात घातला की तिचे डोळे माझ्या मनगटावर. एकदा वैतागून म्हटलं, "अगं, रुमाल काढतेय, तोफ नाही."

"काढ, मग कळेलच," ती म्हणाली.

ती जन्मजात अशी नव्हती. तरुणपणापासून ती गावाबाहेरच्या कच्च्या रस्त्यांवर डाक वाटायची. तिथं एक माणूस ओसरीवर बसून रोज तिला हात हलवायचा, तीही हलवायची. एके दिवशी त्यानंच तिला गाडीतून खाली ओढलं, गाडी घेतली आणि पसार झाला. लागलं म्हणाल तर कोपर खरचटलं, तेवढंच. पण रोज हात हलवणाऱ्यानं असं करावं, हे तिच्या आत जाऊन बसलं ते उठलंच नाही. डाकेच्या नोकरीत पिस्तूल बाळगायला बंदी. निवृत्त झाली त्याच आठवड्यात तिनं पहिलं पिस्तूल घेतलं. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. डोवी पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागली.

आणि शिकली मात्र मन लावून. इतकी, की पुढं गुरांच्या बाजारामागच्या माळावर ती गावातल्या बायकांना शिकवायला लागली. तिथं दर वेळी एक तरी नवी नवरी गुलाबी मुठीचं, खेळण्याएवढं पिस्तूल घेऊन यायचीच.

"हे कुणी निवडलं, हनी?"

"नवऱ्यानं. लहान आहे, बाईच्या हाताला बरं म्हणाला."

"चपला घेताना त्याचा पाय मोजतेस का गं? लहान आणि हलकं म्हणजे गोळी सुटताना लाथ मोठी. ओढ बघू ह्याची वरची सरकती पाठ मागं. नाही ना ओढली जात? मग हे तुझं नाही. परत कर, नाहीतर त्यालाच घालायला दे."

पर्समध्ये पिस्तूल ठेवणाऱ्या बाईला तर ती उभी सोलायची. पर्स तुझी नसते, हिसकावणाऱ्याची असते, म्हणायची. पिस्तूल कमरेला, जाड पट्ट्यावर, घट्ट होल्स्टरमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानात. वरून सैल सदरा, म्हणजे उंचवटा दिसत नाही. खाली पडलेलं उचलायचं तर गुडघ्यात वाकून, कमरेत नाही. आणि पिस्तूल एकदा होल्स्टरबाहेर आलं, की एक तर हातात, नाहीतर पुन्हा होल्स्टरमध्ये. मध्ये कुठंही टेकवायचं नाही. ती स्वतः रोज सकाळी गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून, रिकामं पिस्तूल पुन्हा पुन्हा तपासून, स्वयंपाकघरात सराव करायची. सदरा वर, हात खाली, आणि नेम ओव्हनच्या काट्यावर. तो ओव्हन बिचारा कसा चालायचा देव जाणे.

दुसऱ्या एका गावात चर्चमध्ये गोळीबार झाल्याची बातमी आली, तेव्हा आमच्या मंडळींनी पहारा ठेवायचं ठरवलं. म्होरकी कोण हे विचारायची गरजच नव्हती. डोवी मधल्या वाटेलगत, मागून तिसऱ्या बाकावर, दार दिसेल अशी तिरकी बसायची. पशुखाद्याच्या दुकानातला रॉयस टॅकेट, पोत्यासारखा दांडगा आणि स्वभावानं गाय, दाराशी उभा राहायचा. त्याला तिनंच तयार केलं होतं. डोवीनं चष्मा काढून मांडीवर ठेवला, की ज्याच्याकडे ती बघतेय त्याच्या मागं जाऊन उभं राहायचं, अशी त्यांची खूण. पियानो पुढच्या कोपऱ्यात, लोकांकडे तोंड करून असल्यानं मला सगळं दिसायचं. संशय हा सर्दीसारखा असतो, शेजारी बसलं की लागतो. प्रवचनाच्या वेळी मीही बाकांवरचे हात मोजायला लागले होते.

थंडी सरत आली तेव्हा टॅमरा यायला लागली. तिशीतली, हडकुळी. शेवटच्या बाकावर, दारालगत. करडा कोट घालून यायची, तो आत उकडलं तरी काढायची नाही. गाणी म्हणायची नाही. सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना तिचे उघडे, आणि खिडकीतून गाड्या लावायच्या जागेकडे लागलेले. कुठली म्हणून मी विचारलं तर म्हणाली टेक्सस. आमच्या पाद्र्याच्या, ब्रदर वेल्डनच्या, बायकोनं विचारलं तर म्हणाली मिसुरी.

"दोन राज्यांत एकदम जन्मली का ही?" डोवी मला म्हणाली. चर्चच्या जेवणावळीत आम्ही कोंबडी घालून शिजवलेला भात वाढत होतो. "आणि बसते कुठं बघ. दर रविवारी अशा जागी, की मी तिला दिसेन."

"तू कुणाला दिसत नाहीस? अंगानं काय कमी आहेस?"

"हस तू, नेल्डा. ती कशाची तरी वाट बघतेय."

मी हसले खरी, पण टॅमराच्या ताटात वाढताना मीही तिच्या कोटाच्या खिशांकडे बघितलं.

त्यानंतरच्या एका रविवारी प्रार्थना सुरू व्हायच्या आधी डोवी बायकांच्या स्वच्छतागृहात गेली. पट्टा सैल करायचा तर पिस्तुलाचं वजन होल्स्टरसकट खाली ओढतं. म्हणून तिनं पिस्तूल काढून कागदाच्या रिळाच्या डब्यावर ठेवलं. होय, टेकवलं. तेवढ्यात ब्रदर वेल्डननं मला खूण केली, मी पहिलं गाणं सुरू केलं, आणि ती घाईघाईनं पट्टा आवळून बाहेर आली.

दुसऱ्या कडव्याला तिचा हात सवयीनं कमरेवर गेला. मी तिचा चेहरा बघितला. तो पांढराफटक पडला. ती उठली, मागं गेली आणि लगेच परतली. नंतर तिनंच मला सांगितलं: डब्यावर काही नव्हतं, आणि ती दारातून आत जाताना टॅमरा बाहेर येत होती, दोन्ही हात कोटाच्या खिशात घालून.

आता ह्यात करायचं काय होतं? ब्रदर वेल्डनला थांबवायचं आणि म्हणायचं, मंडळी, मी माझं पिस्तूल विसरले, ते सापडेपर्यंत पोरांना बाहेर न्या. एवढंच. पण ज्या बाईनं अर्ध्या गावाला शिकवलं, तिनं अर्ध्या गावासमोर हे म्हणायचं? परतताना ती रॉयसजवळ थांबली, त्याच्या कानाशी लागली. "करड्या कोटाच्या खिशात पिस्तूल आहे," एवढंच तिनं सांगितलं. कुणाचं ते सांगितलं नाही. मग आपल्या बाकावर बसली आणि चष्मा काढून मांडीवर ठेवला.

रॉयस टॅमराच्या मागं जाऊन भिंतीला टेकून उभा राहिला. त्याचा उजवा हात सदऱ्याच्या टोकाशी होता. टॅमराला तो मागं आल्याचं कळलं. तिचे खांदे कानांपर्यंत चढले. तिनं दाराकडे बघितलं, मग डोवीकडे. डोवी तिच्याकडेच मान वळवून बसली होती. ब्रदर वेल्डन शेजाऱ्यावर प्रेम करण्याबद्दल बोलत होता. माझं सगळं लक्ष त्या करड्या कोटावर होतं, पण काय चाललंय ते नीट कळत नव्हतं.

मग दानाच्या थाळ्या निघाल्या. अशा वेळी मी हळू काहीतरी वाजवत असते. थाळी एकेका बाकावरून सरकत मागं गेली. टॅमरापुढं आली तेव्हा तिनं ती डाव्या हातानं धरली, आणि उजवा हात कोटात घातला.

"हात!" रॉयस ओरडला. "हात दाखव! हात बाहेर काढ!"

त्याचं पिस्तूल बाहेर आलं होतं. दोन्ही हातांत, डोवीनं शिकवलं होतं अगदी तसं, टॅमराच्या पाठीवर. कुणीतरी किंचाळलं, बायकांनी पोरांना बाकांखाली ओढलं. टॅमरा गोठली होती. हात बाहेर काढ म्हणतोय, आणि हातात तर तेच आहे. बाहेर काढलं तरी मेली, नाही काढलं तरी मेली.

"रॉयस, नको!"

डोवी उठली होती. ह्या वयात ती इतक्या चपळाईनं जाईल असं मला वाटलं नव्हतं. बाकाच्या कडेनं ती थेट त्या दोघांच्या मध्ये घुसली आणि रॉयसच्या पिस्तुलाच्या नळीसमोर छाती करून उभी राहिली.

"ते माझं आहे. तिच्या खिशातलं पिस्तूल माझं आहे. मी संडासात विसरले. ऐकलं का सगळ्यांनी? मी विसरले!"

रॉयसचे हात खाली आले. टॅमरानं अगदी सावकाश हात बाहेर काढला. त्यात हात पुसायच्या कागदात गुंडाळलेलं पुडकं होतं. ते तिनं थाळीत, लोकांच्या नोटांवर ठेवलं. थाळी एका बाजूला कलली.

"थाळी पुढं ब्रदरकडे जाते ना," ती म्हणाली. "म्हणून... मला दुसरं काही सुचलं नाही. उभी राहून सांगितलं असतं, तर हातात ते बघून तुम्ही मला मारलं असतं."

ती उठली आणि कोट आवळून निघून गेली. तिला अडवायची कुणाची हिंमत नव्हती, आणि थांब म्हणायचीही कुणाला लाज वाटत होती.

मी बाहेर आले तेव्हा रॉयस पायरीवर बसला होता. डोवी त्याच्यासमोर उभी होती.

"तुम्हाला माहीत होतं, मिस डोवी? ते तुमचं आहे म्हणून?"

"मला संशय होता, की तिनं..."

"संशय नाही विचारत. माहीत होतं का?"

"होतं."

"माझं बोट चापावर गेलं होतं," रॉयस म्हणाला. "तुम्ही मला अर्धंच सांगितलंत, आणि मी उरलेल्या अर्ध्यावर बाईला मारणार होतो." त्यानं कमरेचं पिस्तूल रिकामं करून होल्स्टरसकट तिच्या हातात दिलं आणि गाडीकडे चालायला लागला. डोवीनं त्याला हाक मारली नाही.

टॅमराची हकीकत ब्रदर वेल्डनच्या बायकोनं दुसऱ्या दिवशी जाऊन काढून आणली. ती आर्कान्सामधून नवऱ्यापासून पळून आली होती. त्यानं तिला दोनदा शोधून काढलं होतं, म्हणून आपण कुठल्या हे ती कुणालाच खरं सांगत नव्हती. आमच्या चर्चमध्ये का यायला लागली, तर दुकानात तिनं ऐकलं होतं की तिथं एक म्हातारी आहे, तिच्या नजरेतून माशीसुद्धा सुटत नाही. त्या म्हातारीला आपण दिसत राहावं म्हणून ती तिथं बसायची.

हे ऐकलं तेव्हा डोवी खुर्चीत बसली आणि बराच वेळ हात बघत राहिली, या वेळी स्वतःचे. मग उठून तिनं अक्रोडाचा केक भाजायला घेतला.

मंगळवारी मी तिला गाडीतून घेऊन गेले. टॅमरा बंद पडलेल्या पेट्रोल पंपामागच्या एका जुन्या ट्रेलरमध्ये, चाकांवरच्या घरात, राहत होती. डोवी पायरीवर चढली, दार वाजवलं आणि खिडकीतून दिसेल अशी बाजूला उभी राहिली.

"कोण?"

"डोवी. चर्चमधली. माफी मागायला आलेय."

"कुणी पाठवलं तुम्हाला?"

"कुणी नाही, हनी. माझी मी आलेय."

"गाडीत कोण आहे?"

"नेल्डा. पियानो वाजवते ती."

"तिला हात दिसतील असे ठेवायला सांगा."

मी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. साठी उलटलेली बाई मी, चोरासारखी बसले. पण राग आला नाही मला; त्या आवाजात रागावण्यासारखं काही नव्हतं, नुसती भीती होती.

"कमरेला आहे का काही?" आतून आलं.

डोवीनं केकचा डबा पायरीवर ठेवला, सदरा वर उचलला आणि स्वतःभोवती फिरून दाखवलं. पट्ट्यावर काही नव्हतं. निवृत्त झाल्यापासून मी तिला असं कधी पाहिलं नव्हतं.

"नीट दिसलं नाही. परत फिरा."

ती परत फिरली. म्हातारपणाचं पांढरं पोट उघडं टाकून, अगदी सावकाश.

"ते काय आहे?"

"केक. अक्रोडाचा. सकाळीच भाजला."

"आधी तुम्ही खा."

डोवी गुडघ्यात वाकली आणि कडेचा तुकडा तोडून खाल्ला.

"कडेचा नको. मधला."

डोवीनं मधला तुकडा काढला. उभ्या उभ्या चावला, गिळला, आणि तोंड उघडून खिडकीला दाखवलं. मग साखळी लावलेलं दार वीतभर उघडलं. एक हडकुळा हात बाहेर आला, त्यानं डबा तिरका करून आत ओढून घेतला, आणि दार लागलं. कडी सरकल्याचा आवाज मला गाडीपर्यंत ऐकू आला.

डोवी येऊन शेजारी बसली. मला वाटलं, आता काहीतरी लागट बोलेल. निदान केकचं तरी. मी गाडी चालू केली.

"शहाणी आहे बाई," ती म्हणाली, आणि घर येईपर्यंत रडत राहिली.