खिशातल्या किल्ल्या

माफ करा, लिहायला बसलोय खरा, पण हे माझं काम नाही. दिल्लीत पहाडगंजच्या मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकलो, एवढीच माझी मराठी. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, तोही फिजिओथेरपी शिकायला. काकांना ओळखणारं, चांगलं लिहिणारं दुसरं कुणी असतं तर मी गप्प बसलो असतो. पण काका ज्या ऑफिसात होते, तिथे मराठी आम्ही दोघंच होतो.

आधी किल्ल्यांचं सांगतो. काकांचा उजवा हात कायम पँटच्या खिशात आणि खिशात कपाटाच्या किल्ल्यांचा जुडगा. ते चालत असोत की बसलेले, किल्ल्या खुळखुळायच्या. ते दिसायच्या आधी ऐकू यायचे.

ऑफिस होतं नोएडात, दोन खोल्यांचं. कंपवात आणि हालचालींच्या इतर आजारांवर काम करणाऱ्या डॉक्टरांची ही संस्था. दरवर्षी परिषद भरवायची, नव्या डॉक्टरांना शिकवायचं, रुग्णांसाठी पुस्तिका काढायच्या. डॉक्टर देशभरातले, पण संस्था चालवायचे काका. मूळचे अकोल्याचे, सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. पत्नी वारलेली, मुलगी अकोल्यात. डॉक्टर त्यांना ‘बड़े बाबू’ म्हणायचे आणि घाबरायचे.

कारण एकच. “नियमात बसतं का?” हे त्यांचं वाक्य. चहात साखर जास्त पडली तरी हेच विचारायचे.

परिषदेत एक गमतीचा कार्यक्रम असतो. डॉक्टर आपल्या अवघड रुग्णांचे व्हिडिओ दाखवतात आणि मंचावरचे जाणकार नुसतं बघून आजार ओळखतात. काकांचा नियम असा, की रुग्णाच्या सहीचा संमतीचा फॉर्म नसेल तर व्हिडिओ पडद्यावर येणार नाही. एकदा एक फार मोठे डॉक्टर फॉर्म विसरून आले. खूप चिडले.

“बड़े बाबू, मैं इस संस्था का संस्थापक सदस्य हूँ!”

“बिल्कुल सर. फॉर्म में वो कॉलम नहीं है,” काका म्हणाले.

कार्यकारिणीच्या बैठकीत काका कोपऱ्यात ऐकत बसत, टिपणं नंतर घरी लिहीत. चर्चा लांबली की किल्ल्या जोरात वाजू लागत. डॉक्टर ओशाळून आवरतं घेत. ‘आता आवरा’ असं काका सुचवताहेत, हे सगळ्यांनीच गृहीत धरलं होतं.

मी दर शनिवारी रुग्णांच्या पुस्तिकेचं मराठी करायला जायचो. “अरे भाऊ, हे काय लिहिलंस? ‘हाताचा झोका कमी होतो’ लिही. लोकांना समजलं पाहिजे,” असं म्हणत ते समासात घरून करून आणलेल्या दुरुस्त्या पुढे ठेवायचे. ‘अक्षर बारीक होत जाते’ या ओळीशेजारची त्यांची दुरुस्ती वाचायला मला मोबाइलचा टॉर्च लावावा लागला होता. फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षाला होतो मी. मलाही काही सुचलं नाही. हसा खुशाल.

त्या वर्षीच्या परिषदेत व्हिडिओ लावायचं काम माझ्याकडे होतं. आदल्या दिवशी कॅमेरा तपासायला मी हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये, पाठमोरे चाललेले काका टिपले. त्यांनी आम्हा सगळ्यांसारखंच परिषदेचं निळं जॅकेट घातलं होतं. ती क्लिप मी त्याच फोल्डरमध्ये ठेवली आणि पुसायला विसरलो.

दुसऱ्या दिवशी ती पडद्यावर आली. आवाज बंद होता. तो तिथे नेहमीच बंद असतो. मला थांबवायचं बटणच सापडेना.

मंचावर संस्थेच्या अध्यक्ष मॅडम होत्या. चष्मा वर करून त्या म्हणाल्या, “इंटरेस्टिंग. बायाँ हाथ झूल रहा है. दायाँ जेब से निकलवाओ.”

“मॅम, वो... निकालते नहीं हैं,” मी म्हणालो.

सभागृह हसलं.

“पाय बघा, उजवा जरा घासतोय,” दुसरे डॉक्टर इंग्रजीत म्हणाले. “वळताना किती पावलं घेतली!”

“और जेब का कपड़ा देखिए, काँप रहा है,” मॅडम म्हणाल्या. “जाँच तो करनी पड़ेगी, पर मुझे शुरुआती कंपवात लगता है. नेक्स्ट?”

टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांत, भिंतीपाशी उभ्या असलेल्या काकांच्या किल्ल्या फक्त मला ऐकू आल्या.

जेवणाच्या सुटीत ते माझ्याकडे आले. मी आधीच म्हणालो, “काका, चुकलो. क्लिप उडवतो. चेहरा नव्हता, कुणी ओळखलं नाही.”

“मला माहीत आहे मला काय झालंय. आठ महिने झाले.”

“मग सांगितलं का नाही?”

“सांगितलं की म्हणतील, घरी बसा. घरी कोण आहे, भाऊ? मला टेबलाच्या याच बाजूला बसायचंय. त्या बाजूला पेशंट बसतात.”

“म्हणूनच म्हणतो, उडवतो.”

त्यांनी रिकाम्या पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “पण दाखवली ना? मग फॉर्म पाहिजे.”

“काका, फॉर्मवर तुमचं नाव येईल! फाईल मॅडमकडे सहीला जाते.”

“मग काय करतोस? आजवर सगळ्यांना अडवलं मी.”

त्यांनी खिशातून हात काढला. मी पहिल्यांदाच पाहिला तो. डाव्याने उजवं मनगट धरून त्यांनी फॉर्म भरला. नाव मोठ्या अक्षरात सुरू झालं आणि आडनावाला येईतो मुंगीएवढं झालं. ‘चेहरा दाखवू नये’ या पर्यायासमोर त्यांनी खूण केली.

सोमवारी मॅडमनी त्यांना आत बोलावलं. बंद दारातून किल्ल्या ऐकू येत होत्या. मी बाहेर नखं खात बसलो. बऱ्याच वेळाने काका बाहेर आले.

“काय म्हणाल्या?”

“आधी हसल्या. म्हणाल्या, मैं समझती थी आप मीटिंग ख़त्म करवा रहे हैं. मग चष्मा पुसत बसल्या.”

“आणि नोकरीचं?”

“गोळ्या वेळेवर घ्यायच्या आणि अकराला हजर व्हायचं. तसं लेखी मागितलं मी.”

गोळ्या लागू पडल्या. किल्ल्या गप्प झाल्या आणि संस्थेवर संकट आलं. बैठका तीन-तीन तास चालू लागल्या. एका बैठकीत मॅडमच कंटाळून म्हणाल्या, “बड़े बाबू, ज़रा बजाइए ना.”

काकांनी जुडगा बाहेर काढला, डाव्या हातात घेतला आणि टेबलावर शांतपणे तीनदा वाजवला. पाच मिनिटांत बैठक संपली.

दीड वर्ष ते असेच टेबलाच्या याच बाजूला बसले. मग तोल जाऊ लागला आणि मुलगी येऊन त्यांना अकोल्याला घेऊन गेली. जाताना फॉर्मचं काम माझ्यावर सोपवलं, किल्ल्या मोजून दिल्या आणि पोच लिहून घेतली. फोनवर एकच विचारायचे, “फॉर्म नीट घेतोस ना?” पुढे आवाज इतका बारीक झाला, की मुलगीच सांगायची, “बाबा विचारताहेत, फॉर्म.”

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. बाबा गेले म्हणाली, झोपेतच. त्यांच्या उशाशी माझ्या नावाचं पाकीट होतं.

ते परवा पोचलं. आत संस्थेचा फॉर्म भरलेला होता, जुन्या क्लिपसाठी नवी संमती. वाचायला टॉर्च लावावा लागला.

‘विद्यार्थ्यांना दाखवावी. नाव सांगावे. आवाज बंद करू नये.’