नाव घातलेलं ताट

निघायच्या सकाळी मी माझं स्टीलचं ताट गुपचूप पिशवीत कोंबलं, आणि आक्कांनी ते स्वयंपाकघराच्या दारातच काढून घेतलं.

"ह्ये कुठं चाललं?"

"माझंच हाय की आक्का. नाव हाय माझं त्याच्यावर."

"नाव हाय म्हणून तर हितं ऱ्हाणार. परत आलीस की काय परातीत जेवणार हायस?"

एवढं बोलून त्यांनी ताट फडताळात ठेवलं. मी रडत रडत पुण्याच्या एसटीत बसले. पहिली नोकरी मिळाली होती, कोल्हापूर सुटत होतं, आणि मला वाईट वाटत होतं ते एका ताटाचं.

संस्थेतल्या पोरींनो, आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्या बायांनो, तुम्हाला ते फडताळ सांगायला नको. पण ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. घरच्यांना ज्यांना सांभाळणं जमत नाही अशा मुलींची आमची संस्था कसबा बावड्यात आहे आणि ती आक्का चालवतात. नवी मुलगी आली की दप्तर, कपडे सगळं मागाहून. आधी बाजारातून तिच्या नावाचं ताट यायचं, कडेला टिंबाटिंबांनी नाव घातलेलं. ते ताट दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही, ती मुलगी निघून गेली तरी.

मी नऊ वर्षांची असताना अब्बा वारले. अम्मी हुपरीत पैंजणांना घुंगरं जोडायची, कामाच्याच खोलीत राहायची. मला आक्कांच्या हाती देताना ती म्हणाली, "शिकू दे हिला. मी हाय हुपरीत, कुठं जात न्हाय." दर रविवारी ती बसनं यायची. आक्का तिलाही पंगतीत बसवायच्या. अम्मीच्या नावाचंही ताट होतं तिथं! आधार कशाला म्हणतात ते मला त्या ताटावरून कळलं, कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

पुण्यात आल्यावर माझी फजिती बघण्यासारखी होती. मी आमच्याकडच्या बायांसारखं "येतो, जातो" म्हटलं की रूममेट हसायच्या. आता मी "येते, जाते" म्हणते, ऑफिसात शिफ्ट, टार्गेट, मीटिंग असं फाडफाड बोलते. एक खोड मात्र गेली नाही. मेसमध्ये असो की कॅन्टीनमध्ये, ताट हातात आलं की मी आधी कड बघायचे. तिथं कधी मेसवाल्याचं नाव असायचं, बहुतेक वेळा काहीच नसायचं. मग मुकाट्यानं जेवायचे.

आता खरी गोष्ट. गडमुडशिंगीची आपली सानिका यंदा अठरा वर्षांची झाली. त्यानंतर संस्थेत राहता येत नाही. चिंचवडला नर्सिंगला तिचा नंबर लागला होता, पण पोरगी हटून बसली. तिकडं तिचा मामा लग्न लावून द्यायला टपलेलाच. प्रवेशाला चार दिवस उरले तेव्हा आक्कांचा फोन आला. मी म्हटलं, द्या तिला फोन. माझी चिंचवडची वन आरके दोघींना बक्कळ आहे.

"नगं ताई," सानिका म्हणाली. "चार दिस तुम्हास्नी बरं वाटंल, मग माझं वझंच हुईल. मी आपला मामाकडं जातो."

माझं डोकंच फिरलं. अर्धा तास झापलं तिला. शिक्षण, पगार, स्वतःच्या पायावर उभं राहणं, काही म्हणून सोडलं नाही. पलीकडून नुसतं "हूं". फोन ठेवल्यावर माझी मलाच लाज वाटली. आक्कांनी आम्हाला कधी असलं भाषण दिलं होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळचा हाफ डे टाकला आणि भांड्यांचं दुकान गाठलं. दुकानदार नाव घालायचं मशीन हातात घेऊन विचारायला लागला, "काय निमित्त? बारसं की वास्तुशांत? कुणाकडून म्हणून घालू?"

"भेट नाहीये ती. तिचंच ताट आहे. नुसतं सानिका घाला."

ताटाचा फोटो तिला पाठवला, सोबत एक अक्षर लिहिलं नाही. तिनं बघितल्याच्या निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. दुपारभर मी फोन उघडत होते, मिटत होते. संध्याकाळी मेसेज आला, "कधी येऊ?" मी ऑफिसातच ओरडले. शेजारच्या मॅडम दचकल्या.

परवा ती आली. प्रवेश झाला! काल सकाळी मी अंड्याचा रस्सा केला, तिच्यापुढं तिचं ताट ठेवलं. तिनं कडेच्या नावावरून बोट फिरवलं. मग तिची नजर माझ्या ताटाकडे गेली आणि तिनं ते उचलून गोल फिरवून बघितलं.

"ताई, तुमच्या ताटाला नाव न्हाय?"

पाच वर्षं मी इथं बिननावाच्या ताटात जेवतेय. नाव घालायला कितीसा वेळ लागतो? पण मनात पक्कं होतं की इथं आपण पाहुणे, आपलं ताट बावड्यात. ते खरंच आहे, पण तेवढंच खरं नव्हे, हे मला अठरा वर्षांच्या पोरीनं दाखवलं. मला रडू आलं आणि हसूही.

तिनं मला जेवणावरून उठताच दुकानात नेलं. दुकानदारानं पुन्हा विचारलं, "कुणाकडून घालू?"

सानिका अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाली, "भेट न्हाय ओ पावणं! त्यांचंच ताट हाय. नुसतं रेश्मा घाला."

आज आमच्या रॅकवर दोन ताटं शेजारी शेजारी उभी आहेत. अजून एकाची जागा सहज होईल. पुढच्या वर्षी अठराची कोण होणार गं तुमच्यातली? नाव कळवा.