दुरुस्ती चालू असलेली लिफ्ट

आमच्या चौथ्या मजल्यावरचे पेंटरकाका भिंती रंगवत नाहीत. तसं कुणी समजलं तर ते दोन दिवस बोलत नाहीत. ते पाट्या रंगवतात. छापील फलकांच्या या दिवसांतही त्यांच्याकडे काम येतं ते केवळ अक्षरामुळे. त्यांच्या हातची ‘येथे थुंकू नये’ वाचणारा माणूस थुंकायचं विसरून उकार बघत उभा राहतो.

असा माणूस आमच्या संकुलात भाड्याने राहतो, हे संकुलाचं भाग्य. त्यांचं नव्हे. इथे जिन्यातला एक दिवा लागला की दोन जातात. माझ्या दुसऱ्या मजल्यावरच्या दारासमोर भिंतीतून पाणी झिरपतं. त्या ओलीला मी आता शेजारीण मानतो. तक्रार केली की मॅनेजर वहीत टिपून घेतो. वही चांगली जाडजूड आहे. एरवी ती त्याच्या डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली असते.

पाच महिन्यांपूर्वी त्याच अंधाऱ्या जिन्यात पेंटरकाकू घसरल्या आणि घोटा मोडून बसल्या. यथावकाश प्लास्टर निघालं. डॉक्टर म्हणाले, सपाटीवर हवं तितकं चाला, जिना मात्र अजून तीन महिने नाही. काकू शाळेत शिवण शिकवतात. मुख्याध्यापिकेने त्यांची जागा इतके दिवस धरून ठेवली होती. आता निरोप आला, की पंधरा दिवसांनी सोमवारी हजर व्हा, नाहीतर दुसरी बाई नेमावी लागेल. काकू खुशीत होत्या. शाळा जवळ, रस्ता सपाट आणि खाली जायला लिफ्ट.

दुसऱ्याच दिवशी लिफ्ट बंद पडली.

लोक बटणं दाबून दाबून वैतागले, तेव्हा मॅनेजरने काकांना पाटी करायला सांगितली. मजकूर होता, ‘लिफ्ट बंद आहे’. काकांना तो फारच उघडाबोडका वाटला. त्यांनी आपल्या मनाने लिहिलं, ‘लिफ्टची दुरुस्ती चालू आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व.’ निळ्यावर पांढरं अक्षर, प्रत्येकाला करडी सावली. मी विचारलं, काका, दुरुस्ती चालू कुठे आहे? तर म्हणाले, “अरे, नुसतं बंद म्हटलं की माणसाचं मन बसतं.”

दहा-बारा दिवस गेले. पाटीला कौतुक मिळालं, लिफ्टला मेकॅनिक मिळाला नाही. काका रोज मॅनेजरकडे खेपा घालायचे. तो रोज सांगायचा, वर कळवलंय. वर म्हणजे संकुलाच्या मालक कंपनीचं मुख्य कार्यालय. शेवटी शुक्रवारी काकांनी स्वतःच तिथे फोन लावला. फोन स्पीकरवर होता आणि मी समोरच बसलो होतो.

पलीकडच्या बाई अगदी गोड बोलल्या. तुमच्या लिफ्टचं काम तर सुरू आहे, म्हणाल्या. आमच्याकडे फोटो आहे. कसला फोटो? पाटीचा. मॅनेजरने कळवलं होतं ते एवढंच. काम सुरू दिसतंय म्हणून त्यांनी मेकॅनिक पाठवायचं रद्द केलं होतं. आता नवी तक्रार नोंदवते, कामाचे सात दिवस धरा, असं सांगून त्या शेवटी म्हणाल्या, “पण पाटी सुरेख आहे हो तुमची.”

काकांनी फोन ठेवला आणि स्वतःच्या बोटांकडे बघत बसले. आतून काकूंचा आवाज आला.

“अहो, अक्षरांना सावली कुठल्या बाजूला दिली होती म्हणे?”

सोमवारी सकाळी काकू इस्त्रीचे कपडे घालून दाराबाहेर आल्या, जिन्याच्या वरच्या पायरीवर बसल्या आणि बसल्या-बसल्याच एकेक पायरी खाली सरकू लागल्या. काका काठी आणि पिशवी घेऊन पुढे. बहात्तर पायऱ्या. दुसऱ्या मजल्यावर मी हात द्यायला वाकलो, तर म्हणाल्या, “बाजूला हो, उजेड अडतोय.” कपड्यांना मागून जिन्याची सगळी धूळ लागली होती. ती झटकून त्या वेळेवर शाळेत पोचल्या.

दुपारी परत आल्या त्या थेट मॅनेजरच्या ऑफिसात. तिथे खुर्ची एकच. तीत बसून त्यांनी पिशवीतून मुलींनी केलेली काजं काढली आणि तपासायला घेतली. मॅनेजर आधी हसला, मग घसा खाकरला, मग उभं राहून राहून एका पायावरचा भार दुसऱ्यावर देऊ लागला. काकूंनी मान वर केली नाही.

“उतरायचं काम मी केलं,” त्या म्हणाल्या. “चढवायचं तुम्ही बघा.”

सहा वाजता मॅनेजर आणि काका, दोघांनी मिळून ती खुर्ची काकूंसकट उचलली. मॅनेजर सहा वर्षं इथे आहे. पहिल्या मजल्याच्या वर तो कधी आला असेल असं मला वाटत नाही. तिसऱ्यावर खुर्ची टेकवून तो कठड्याला धरून धापा टाकत म्हणाला, “फारच उंच आहे हो तुमची इमारत.”

मंगळवारी सकाळी काकू पुन्हा तशाच बसत-सरकत उतरल्या. पण नऊच्या ठोक्याला मेकॅनिक हजर झाला आणि दुपारपर्यंत लिफ्ट हललीसुद्धा. काका स्वतः काकूंना आणायला शाळेत गेले. आम्ही तिघे आत शिरलो, चारचं बटण दाबलं. तिसऱ्यावर दार उघडलं आणि उघडंच राहिलं. चौथ्यासाठी एक भाग मागवावा लागेल, असं मेकॅनिक सांगून गेला होता म्हणे. केव्हा येईल ते सांगितलं नव्हतं.

काकूंनी उरलेल्या अठरा पायऱ्यांकडे पाहिलं. काठी काकांच्या हातात दिली, पाठ फिरवली आणि पहिल्या पायरीवर बसल्या.

“मॅनेजरला सांगून ठेवा,” एक पायरी वर सरकत त्या म्हणाल्या, “उद्या दुपारी खुर्ची मोकळी ठेवायची.”