डाव्या हातातली थरथर

त्या मंगळवारी सकाळी पावणेदहा वाजता पोलिसांनी माझ्या धाकट्या भावाला नेलं. मी पोथी वाचत होते. फोन तीनदा वाजला. मी तो उचलला नाही.

एवढं लिहायला मला वर्षाहून जास्त काळ लागला. मुलुंडच्या दोन खोल्यांत सुधीर आणि मी, असे दोघंच राहत होतो. मी शाळेत ग्रंथपाल होते, आता निवृत्त आहे. सुधीरने लग्न केलं नाही, पण कॉलेजपासून विरोधी पक्षाचं काम केलं. पत्रकं वाटायची, सभेच्या खुर्च्या मांडायच्या, मतदारयाद्या तपासायच्या. पद कधी मिळालं नाही आणि त्याने मागितलंही नाही. मला त्याचं राजकारण आवडत नसे आणि त्याला माझं देवघर. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाल्यावर त्याचं डायलिसिस सुरू झालं, मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी, दुपारी एक वाजता. त्यासाठी डाव्या हातात शस्त्रक्रिया करून एक शीर धमनीला जोडलेली होती. तिथे बोट ठेवलं की आत सतत थरथर लागायची, मांजर गुरगुरावं तशी. ती थांबली तर सुई टोचायला जागाच उरत नाही. म्हणून त्या हातावर रक्तदाबाचा पट्टासुद्धा बांधायचा नसतो. रोज संध्याकाळी दिवा लावला की मी दत्तगुरूंना नमस्कार करायची आणि मग सुधीरच्या हातावर बोट ठेवायची. "तुझा देव आहे ना जागेवर?" तो विचारायचा.

सात दिवसांचं पारायण मी त्याच्यासाठीच धरलं होतं. संकल्प सोडताना त्याचंच नाव घेतलं होतं. पारायणात अध्याय पुरा होईपर्यंत उठायचं नाही, बोलायचं नाही, हा आमच्या घरचा नियम. चौथा दिवस होता. चौरंगाजवळ ठेवलेल्या फोनवर सुधीरचं नाव उमटलं. मला वाटलं, किल्ली विसरला असेल, नाहीतर दूध आणू का विचारत असेल. अकरा ओव्या राहिल्या होत्या. त्या मी वाचल्या, पोथीला नमस्कार केला आणि फोन लावला. तो बंद होता.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या नाईकवहिनी चप्पल न घालताच धावत वर आल्या. "ताई, सुधीरला उचलला गं! नाक्यावर चहा पीत होता, गाडीत कोंबला." दुपारी कुणी मंत्री पुलाच्या उद्घाटनाला येणार होते. काळे झेंडे दाखवले जातील या भीतीने पोलीस जुन्या यादीवरून माणसं उचलत होते. सुधीर झेंडे दाखवायला जाणार नव्हता. पण यादीत नाव होतं.

डायलिसिसची फाईल घेऊन मी पोलीस ठाण्यात गेले. कुठलं ते लिहीत नाही. टेबलापाशी बसलेली पोलीसबाई उद्धट नव्हती, दमलेली होती. "मॅडम, अटक कुणालाच नाहीय. नुसतं बसवून ठेवलंय."

"कुठे?"

"ते मला नाही सांगता येत. साहेब आल्यावर बघू."

मी तिच्यासमोर फाईल उघडली, एक वाजताची वेळ दाखवली. तिने ती वाचली आणि मिटून परत दिली. आयुष्यभर मी सही घेतल्याशिवाय कुणाला पुस्तकसुद्धा नेऊ दिलं नाही. इथे माणूस नेला होता आणि कुठेही त्याची नोंद नव्हती. अटक नाही म्हणून नोंद नाही, नोंद नाही म्हणून डॉक्टर नाही. हे इतक्या साध्या आवाजात सांगितलं गेलं की मला रडूही आलं नाही. बाहेरच्या बाकावर बसून नामस्मरण करायचा प्रयत्न केला, पण नाम येईना. त्या अकरा ओव्याच पुन्हा पुन्हा डोक्यात फिरत होत्या. मी देवाला म्हटलं, मला आता काही कळत नाही, तू काय ते बघ. ही प्रार्थना नव्हती. हात टेकले होते, इतकंच.

तिथून डायलिसिस केंद्रात गेले, निदान मशीन राखून ठेवा म्हणायला. सुधीरची खाट रिकामी होती. शेजारच्या खाटेवर एक जाडसर गृहस्थ वजन करून नुकतेच टेकले होते. खिशाला सत्ताधारी पक्षाचा बिल्ला होता. यांच्याबद्दल मी घरी तीन वर्षं ऐकत होते. सुधीर त्यांना 'आमचा शेजारचा शत्रू' म्हणायचा. नाव सावंत. मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत होते. सुधीरचं मशीन राखायला सांगताना त्यांनी मला ऐकलं.

"ताई, आज तुमचो भाव खंय? माका शिव्या कोण घालतलो?"

मी सांगितलं. त्यांचा चेहरा बदलला. सुई घेऊन आलेल्या मुलीला ते म्हणाले, "माझी सुई रवांदे. माझं मशीन बंद कर."

"काका, तुमच्या अंगात तीन किलो पाणी आहे!"

"आसूंदे. तो येईपर्यंत मी या खाटेवर आडवा होणार नाही."

रिक्षात बसून त्यांनी दोन फोन केले. मग कपाळाला हात लावला. सुधीर त्याच ठाण्यात होता, मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. मी ज्या बाकावर बसले होते, त्याच्या भिंतीपलीकडे.

ठाण्यात आता साहेब आले होते. बिल्ला पाहून ते उभे राहिले. "सावंतसाहेब, तुम्ही? यांच्यासाठी?"

"माणूस माझा नाही, साहेब. माझ्या विरोधातला आहे. म्हणून तर आलो." त्यांनी शर्टाची बाही वर सरकवली. "बोट ठेवा इथे. ठेवा हो, चावत नाही."

साहेबांनी बोट ठेवलं आणि दचकून काढलं.

"हे त्याच्याही हातात आहे. थांबलं तर कागदावर काय लिहिणार? बसवून ठेवला होता? घरच्यांना कळवलंत? डॉक्टर बोलावलात? डायरीत लिहा, वेळ घाला, मग ठेवा कितीही."

शेडमध्ये पत्रा तापला होता. उचलून आणलेल्या इतरांबरोबर सुधीर जमिनीवर बसला होता आणि त्याच्या डाव्या दंडापासून मनगटापर्यंत बोटांचे निळे वळ होते. गाडीत चढवताना कुणीतरी तोच हात धरून ओढला होता. मी खाली बसले. वळांवर बोट ठेवलं. काहीच लागेना. मी डोळे मिटले. दत्ताचं नावसुद्धा घेतलं नाही, नुसती थांबले. मग खूप खोलातून, अगदी बारीक, थरथर लागली.

"आहे का जागेवर?" सुधीरने विचारलं.

"आहे."

तो उठेना. "आधी यांचं लिहून घे, ताई. त्या आजोबांची प्रेशरची गोळी राहिलीय. त्या बाईंना फिट येतात. तुला यादी बरी जमते." मी फाईलच्या मागच्या पानावर लिहिलं, नाव, घरचा नंबर, औषध, कधी घेतात. साहेबांनी ते पान डायरीत उतरवून घेतलं आणि सरकारी डॉक्टरांना बोलावलं. खाली रेघ ओढताना पाहिलं, सुधीर सोडून अकरा नावं होती. त्या आकड्याचा अर्थ मी लावत नाही.

चार वाजता सुधीर आणि सावंत शेजारीशेजारी मशीनवर होते. बरोबर आलेला हवालदार स्टुलावर बसून त्यांचं भांडण ऐकत होता. शेवटी न राहवून म्हणाला, "तुम्ही दोघं एकाच पक्षात का नाही जात?" दोघांनीही एकदमच "शी!" केलं.

संध्याकाळी सगळ्यांना सोडलं. सुधीर त्यानंतर आठ महिने होता. एका पहाटे झोपेतच गेला. त्या मंगळवारचा आणि त्याच्या जाण्याचा संबंध डॉक्टर लावत नाहीत, मीही लावत नाही. मला लागतं ते वेगळंच. ज्याच्यासाठी वाचत होते तो हाक मारत होता, आणि मी नियम पाळत होते. तरीही ज्याच्याकडून अपेक्षा नव्हती त्या माणसाने आपली सुई थांबवली. 'सावंतांना एकदा भेट' असं सुधीरने सांगूनही मी त्यांना कधी भेटले नव्हते. मी शरण गेले असं मला म्हणता येत नाही. माझ्या हातात काही उरलं नाही, तेव्हा कुणीतरी ते हातात घेतलं. त्या कृपेपुढे मी रोज हात जोडते आणि अजूनही मला नीट शब्द सापडत नाहीत.

आता पोथीतली खूण त्याच अध्यायावर आहे. फोन चौरंगावर असतो. वाचताना वाजला, तर मी ओवी अर्धी सोडून उचलते. पोलिसांनी कुणाचा माणूस उचलला की नाईकवहिनी घरच्यांना माझा नंबर देतात, आणि मी यादी करून ठाण्यात नेते, मग तो कुठल्याही पक्षाचा असो. मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी एक वाजता मी सावंतांच्या खाटेशेजारी बसून त्यांच्या पक्षाला शिव्या घालते. मला त्या नीट येत नाहीत. "जमतला, ताई," ते म्हणतात, "हळूहळू जमतला."