पडद्याचा धागा

माझ्या धाकट्या बहिणीला घरात सगळे मुंगी म्हणतात. साखरेच्या कणाएवढ्या वस्तू चिमट्याने उचलून इवल्याशा वाटीत ठेवण्यात तिचा जन्म गेला. तिचं यंत्र नमुन्याला ऐकतं. वाटीवर न दिसणाऱ्या किरणांचे झोत पडतात, नमुना किंचित तापतो, भोवतीचा वायू धडधडतो आणि आतला माइक ती धडधड टिपतो. प्रत्येक पदार्थाची धडधड निराळी. मी उभा जन्म रंगमंचावर काढला, पण इतकं हळू बोलणारं पात्र पाहिलं नाही.

त्या दुपारी वाटीत होता आमच्या जुन्या नाट्यगृहाच्या आगरोधक पडद्याचा धागा. मऊ, राखाडी. आता तिथे मुंगीची मुलगी लहान पोरांचं नाटक बसवत होती. पडदा ॲस्बेस्टॉसचा असेल, तर त्याची धूळ छातीत कायमचा मुक्काम ठोकते. आणि तो झाडायला माणसं नाट्यगृहाच्या दाराशी आली होती.

"आई, लवकर सांग," भाची फोनवर म्हणाली. "मावशी तर म्हणते, तिने त्या पडद्याला नाक पुसलंय."

"मावशीचं सोड. तिला कणभरही अक्कल असती तर नटी झाली नसती."

मी हसले. मुंगी हसली नाही.

पहिल्याच खेपेला यंत्राच्या स्क्रीनवर काट्यांचं रान उठलं.

"हे पाणी आहे," ती पुटपुटली. "माझाच श्वास. घाई केली मी."

"मग बाकीचं बघ ना."

"ॲस्बेस्टॉसची खूण नेमकी याच जागी येते, ताई. वाफ गेल्याशिवाय दिसायची नाही."

हवा ओढून घेणाऱ्या काचेच्या कपाटात तिने वाटी पुन्हा भरली. खाली ओल शोषणारी पूड ठेवली, तोंडावर फडकं बांधून श्वास बाजूला सोडला. मग आतली दमट हवा घालवायला हेलियम वायूचा नळ केसाकेसाने उघडला. जोरात सोडला असता तर धागा उडून माइकवर बसला असता, आणि दुसरा काढायला पडदा पुन्हा ओरबाडावा लागला असता.

"पाय हलवू नकोस. त्याला तेही ऐकू येतं."

विंगेत एंट्रीची वाट बघावी तशी मी जागच्या जागी खिळून उभी राहिले.

काटे एकेक करून विझले. दोन सुळके उरले. तिने ॲस्बेस्टॉसच्या ओळखीच्या नमुन्याचा आलेख खाली लावून पाहिला. सुळक्याखाली सुळका.

तिने फोन उचलला. "माणसांना परत पाठव. पोरांना बाहेर काढ. पळू देऊ नकोस, धूळ उडेल. पडद्याला कुणी हात लावायचा नाही."

पलीकडून भाची हलकेच म्हणाली, "आई, मी रोज त्याला टेकून डबा खाते."

मुंगीने वाटीवर जपून झाकण ठेवलं.

"आधी बाहेर ये," ती म्हणाली.