शिवलेल्या खिशाचा कोट

अमेरिकेत माणसं राहतात, ही गोष्ट आमच्या घरमालक काकांच्या कधी लक्षात आली होती की नाही, कोण जाणे. त्यांच्या लेखी या देशात कपडे राहत होते आणि त्या कपड्यांच्या आत तात्पुरती काही माणसं. २००३ साली मी एम.एस. करायला पिस्कॅटवेला आलो आणि त्यांच्या बेसमेंटमध्ये राहू लागलो. विमानतळावर मला घ्यायला काका स्वतः आले होते. मला वाटलं, प्रवास कसा झाला विचारतील, घरी कोण कोण असतं विचारतील. त्यांनी माझ्या जॅकेटची झिप दोन बोटांत धरली, एकदा वरखाली केली आणि म्हणाले, "नायलॉन. चला." गाडीच्या मागच्या सीटवर जुन्या हॅटी रचून ठेवलेल्या होत्या. त्यांना धक्का लागू नये म्हणून मी माझी बॅग मांडीवर घेऊन पुढे बसलो.

काका साठीचे, काटकुळे, आणि जन्मतःच पायाला चाकं लावून आल्यासारखे. एका खिशात मोजायची टेप, दुसऱ्यात भिंग, हातात गाडीची किल्ली सतत खुळखुळत. मी त्यांना बसलेलं फक्त गाडीत पाहिलं. चहा उभ्याने, जेवण ओट्यापाशी, टीव्ही सोफ्याच्या पाठीला टेकून. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत कुणीतरी भाबडेपणाने त्यांना बोलायला दहा मिनिटं दिली. 'अमेरिकन माणसाने हॅट का सोडली' हा विषय. मोटारींची छपरं खाली आली म्हणून सोडली, असं त्यांचं म्हणणं होतं. ते सिद्ध करताना ते स्टेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत इतक्या फेऱ्या मारत होते की पहिल्या रांगेतल्या काकूंच्या माना अवघडल्या. आरती तासभर लांबली. एकदा वेगात गाडी चालवल्याबद्दल पोलिसाने अडवलं, तर काका लायसन्स काढता काढता त्याच्या हॅटीच्या आतल्या चामडी पट्टीची चौकशी करायला लागले. पोलिसाने दंडाचं तिकीट दिलं ते दिलंच, पण जाता जाता स्वतःची हॅट काढून आत डोकावून बघितलं.

हा सगळा नाद लागला होता एका ओव्हरकोटापायी. काका-काकू सत्तरच्या दशकात इथे आले तेव्हा पहिल्याच थंडीत काकांनी एक जुना, तपकिरी, लोकरी ओव्हरकोट घेतला. अस्तर फाटलेलं होतं. काकूंनी स्वतःची हिरवी इरकल साडी फाडून त्याला नवं अस्तर घातलं, आणि ऊब यावी म्हणून आपल्याकडे गोधडीला घालतात तसे ओळीने धावदोऱ्याचे टाके घातले. टाके घालण्याच्या भरात त्यांनी आतला खिसाही शिवून टाकला. काका पुढची पंचवीस वर्षं त्या बंद खिशात चष्मा घालायला जायचे आणि काकू हसायच्या. काकू गेल्या तेव्हा काकांना कपाट उघडं बघवेना. पंधरा दिवसांत त्यांनी काकूंचे सगळे कपडे काळ्या पिशव्यांत भरून जुने कपडे दान करायच्या पेटीत टाकले. त्या घाईत काकूंच्या शालींमागे टांगलेला स्वतःचा कोटही गेला. हे कळलं पहिला बर्फ पडला तेव्हा. तेव्हापासून काका तो कोट शोधत होते.

म्हणजे दर शनिवारी आम्ही शोधत होतो. माझ्या असाइनमेंट्स, माझी झोप, माझं एकुलतं एक प्रेमप्रकरण, सगळं त्या शनिवारांत वाहून गेलं. जुन्या कपड्यांचं दुकान म्हणू नका, गराज सेल म्हणू नका, चर्चच्या तळघरातले ढीग म्हणू नका. काका हँगर सरकवत पुढे, मी मागे. कोट मिळत नसे, पण हात रिकामे राहत नसल्यामुळे काकांना बाकीचं सगळं कळत गेलं. झिप धातूची की नायलॉनची, फ्रॉकला ती बाजूने की पाठीमागून, आत कामगार युनियनचं लेबल आहे का, एवढ्यावरून ते कपड्याचं वय सांगत. शिलाई बघताना त्यांचा आवाज मऊ व्हायचा. कठीण काळात इथल्या बायकांनी पिठाच्या छापील पोत्यांचे फ्रॉक शिवले, हे त्यांनी मला निदान वीस वेळा सांगितलं असेल. "आणि शर्टापासून वेगळी होणारी सुटी कॉलर कुणी शोधून काढली, सांग बरं?" ते विचारायचे. "नवऱ्याचे शर्ट धुऊन वैतागलेल्या एका बाईने, असं म्हणतात. यार, लेबलवर बघ, दुकानाचं नाव, गावाचं नाव. शिवणारीचं नाव कुठंय?" मी घड्याळाकडे बघत 'हो ना' म्हणायचो. आज त्याची लाज वाटते.

त्यांची मुलगी अ‍ॅशबर्नला असायची. दर रविवारी तिचा फोन स्पीकरवर. "बाबा, इट्स जस्ट अ कोट. आय विल सेंड यू अ न्यू वन." काका फेऱ्या मारत म्हणत, "पाठव बाळ, पाठव." तिने खरोखर पाठवला. तो मी चार हिवाळे वापरला.

शेवटी दुकानदार कंटाळले. त्यातल्याच एकाने त्यांना आमच्या युनिव्हर्सिटीच्या नाटक विभागाचा पत्ता दिला. तिथल्या कॉस्च्यूम रूमच्या पिकल्या केसांच्या बाईंनी काकांना पहिल्याच भेटीत ओळखलं आणि कामाला लावलं. काका बुधवारी ऑफिसमधून हाफ डे घेऊन तिथे कपड्यांना वयं वाटायला लागले. हँगरला पुठ्ठ्याचं कार्ड, त्यावर काळ, प्रकार, कापड आणि शिवणाऱ्याचं नाव. शेवटच्या रकान्यात जवळजवळ नेहमीच 'अननोन' लिहावं लागे. ते लिहिताना काका पेन झटकायचे, जणू चूक पेनाची होती.

२००५ च्या हिवाळ्यात विभागाचं एक कौटुंबिक नाटक होतं. काकांनी मला ओढून नेलं. मी बसलो, ते नेहमीप्रमाणे मागच्या दाराशी उभे, किल्ली खुळखुळवत. दुसऱ्या अंकात म्हाताऱ्या बापाचं काम करणारा मुलगा घरात आला, तपकिरी ओव्हरकोट काढला आणि खुर्चीच्या पाठीवर उलटा टाकला. दिव्याखाली हिरवी इरकल दिसली, तिच्यावर ओळीने टाके. मागे किल्ली वाजायची थांबली. मी वळून पाहिलं तर काका शेवटच्या रांगेतल्या खुर्चीवर बसले होते. दोन्ही हात मांडीवर. नाटक संपेपर्यंत ते तसेच बसून राहिले.

नंतर बाई ओशाळून म्हणाल्या की तालमी-प्रयोगांसाठी काढलेले कपडे वेगळ्या खोलीत असतात, ते काकांना कधी दाखवलेच नाहीत. तो मुलगा कोट हातात घेऊन उभा होता. म्हणाला, "ग्रेट कोट, पण आतला खिसा चालत नाही. तिसऱ्या अंकातलं पत्र मला पँटमध्ये ठेवावं लागतं." काकांनी अस्तरावरून हात फिरवला, त्या बंद खिशात सवयीने चष्मा घालायला गेले, आणि पहिल्यांदा मी त्यांना रडताना पाहिलं. मलाही आवरलं नाही. बाई म्हणाल्या, "हा तुमचा आहे. आज घेऊन जा." काका मला मराठीत म्हणाले, "घरी नेऊन काय करू रे? परत कपाटात टांगू? इथे निदान लोक बघतात तिचं काम. आणि अजून आठ शो आहेत, या पोराला थंडी वाजेल."

कोटाला बाईंच्या अक्षरातलं कार्ड होतं. काळ बरोबर होता, कापड बरोबर होतं. शेवटच्या रकान्यात 'अननोन'. काकांनी तो शब्द एका रेघेने खोडला आणि वर इंग्रजीत, सावकाश, मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'सुशीला'. अडीच वर्षं मी 'ही' आणि 'तुझी काकू' एवढंच ऐकत आलो होतो. नाव मला त्या कार्डावर कळलं. त्याखाली त्यांनी आणखी एक ओळ लिहिली: खिसा उसवू नये.

पुढच्या वर्षी नोकरीसाठी मी बेलव्ह्यूला गेलो. कधी फोन केला की काका म्हणत, "बोल, निवांत बसलोय," आणि मला उगीच चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं, कान त्या किल्लीचा आवाज शोधायचे. पण त्या हिवाळ्यातले उरलेले आठही प्रयोग मी त्यांच्या शेजारी बसून पाहिले. त्या मुलाने आठही वेळा पत्र पँटच्या खिशातून काढलं, आणि काका आठही वेळा हसले.